मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील तेलगळती : तिचा शोध व दुरुस्ती

विषयप्रवेश

रात्रभर एका जागी उभी असलेली मोटार सकाळी पुढे घेतली, म्हणजे कधी कधी तिच्याखालच्या फरशीवर तांबड्या तेलाचा रुपयाएवढा डाग आढळतो. पुष्कळ मालक तो पुसून टाकतात व विसरून जातात. काही जण उलट घाबरून गिअरपेटी उतरविण्याच्या गोष्टी करू लागतात. हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे होत. तो डाग म्हणजे एक पुरावा आहे, आणि त्याचा अर्थ लावता आला तर थोड्या खर्चात मोठी हानी टाळता येते.

हा अर्थ लावताना दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी, की जेथे थेंब पडतो तेथेच गळती असते असे नाही. दुसरी अशी, की ज्या भागातून तेल झिरपते तोच भाग दोषी असतो असेही नाही. थेंबाची जागा, गळतीची जागा आणि गळतीचे कारण ही तीन निरनिराळी असू शकतात. या पुस्तिकेत आपण थेंबापासून आरंभ करून कारणापर्यंत कसे पोहोचावे याचा विचार करू.

तेलाचे कार्य

साध्या मोटारीत चालक पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलतो. स्वयंचलित गिअरपेटीत हे काम द्रवाच्या साहाय्याने होते. या कल्पनेचा उगम जहाजांच्या यंत्रांत आहे. हेर्मान फ्यॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली द्रवाच्या द्वारे शक्ती एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे पोहोचविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. मोटारींत पूर्ण स्वयंचलित गिअरपेटीचा मोठ्या प्रमाणावर वापर जनरल मोटर्स कंपनीच्या 'हायड्रामॅटिक' गिअरपेटीपासून सुरू झाला. ती १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबील गाड्यांत बसविण्यात आली होती. पुढे १९४९ साली त्याच कंपनीने अशा गिअरपेट्यांच्या तेलासाठी 'टाइप ए' नावाचे प्रमाण ठरवून दिले.

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. गिअरपेटीच्या पुढील भागात असलेल्या टॉर्क कन्व्हर्टर या बंद डब्यात असेच घडते. वाऱ्याची जागा तेथे तेल घेते. इंजिनाबरोबर फिरणारी पाती तेल भिरकावतात आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरील पाती फिरून गिअरपेटीला गती देतात.

तेलाचे काम येथेच संपत नाही. इंजिनाच्या गतीने फिरणारा एक पंप ते तेल दाबाखाली गिअरपेटीत खेळवितो. इंजिन मंद चालत असताना हा दाब सामान्यतः वातावरणाच्या दाबाच्या चार ते सहा पट असतो, आणि भार वाढला म्हणजे तो पंधरा पटींच्याही पुढे जातो. या दाबानेच आतील क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात व गिअर बदलतो. शिवाय हेच तेल दंतचक्रांना वंगण पुरविते आणि घर्षणाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेते.

आता तेल कमी झाले तर काय होईल हे सहज समजेल. पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो. तेल जवळजवळ दबत नाही, पण हवा सहज दबते. त्यामुळे चकत्यांवर पुरेसा दाब येत नाही व त्या घसरू लागतात. घसरल्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने तेल जळते. स्थूलमानाने असे धरतात, की कामाचे तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले तर तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. तेलाबरोबर रबरी सीलही कडक होतात आणि गळती आणखी वाढते. अशा रीतीने चिंधीने पुसून टाकता येण्याजोग्या थेंबातून संपूर्ण गिअरपेटी निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

थेंबाचे गणित

एका मिनिटास एक थेंब ही गळती किरकोळ वाटते. तेलाच्या तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरू. दिवसाची मिनिटे १४४० होतात. म्हणजे दिवसाला १४४० थेंब अथवा ४८ मिलिलिटर, आणि तीस दिवसांत जवळजवळ दीड लिटर तेल नाहीसे होईल. अशा गिअरपेटीत एकूण तेल पुष्कळदा आठ-दहा लिटर असते. तेल मोजण्याच्या पट्टीवरील खालच्या व वरच्या खुणांमधील अंतर बहुधा अर्ध्या लिटरच्या आसपास असते. तेव्हा ही 'किरकोळ' गळती दहा-अकरा दिवसांत पातळीला वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आणते.

गळालेला द्रव कोणता?

मोटारीतून अनेक द्रव गळू शकतात. म्हणून प्रथम ओळख पटविली पाहिजे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अथवा पांढरा कागद पसरून ठेवावा आणि त्यावर पुढील चाकांची जागा पेन्सिलीने दाखवावी. सकाळी डागाचा रंग, वास व स्पर्श तपासावा.

गिअरपेटीचे तेल बहुधा तांबडे असते. इतर तेलांहून ते चटकन वेगळे ओळखता यावे म्हणून त्यात मुद्दाम रंग घातलेला असतो. ते बोटांना बुळबुळीत लागते. जुने झाल्यावर ते तपकिरी होते, आणि जळले असल्यास त्याला करपट वास येतो. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. काही गिअरपेट्यांचे तेल हिरवे अथवा पिवळसर असते. रेडिएटरमधील कूलंटही काही गाड्यांत तांबडे किंवा गुलाबी असते, पण ते पाण्यात मिसळते आणि त्याला गोडसर वास असतो. कूलंट विषारी असल्याने त्याची चव कधीही घेऊ नये. इंजिनाचे तेल पिवळसर किंवा काळे असते. स्टिअरिंगच्या पंपात पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीचेच तांबडे तेल वापरतात. अशा वेळी दोहोंचा भेद रंगाने होत नाही. स्टिअरिंगच्या तेलाची कुपी तपासून तिची पातळी उतरली आहे का हे पाहावे लागते. वातानुकूलनाच्या यंत्रातून ठिबकणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतात 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वच गाड्यांत वर वर्णिलेली रचना नसते. 'एएमटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांत मूळची साधी गिअरपेटीच असून, क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि त्यांचे तेलही वेगळे असते. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका पाहून आपली गिअरपेटी कोणत्या जातीची आहे हे आधी निश्चित करावे.

गळतीची जागा कशी शोधावी?

तेल धातूला चिकटते व त्याच्या पृष्ठभागावरून ओघळत सर्वांत खालच्या टोकाशी येते. तेथे थेंब जड होतो, तेव्हाच तो सुटतो. शिवाय गाडी धावत असताना वारा तेलाला मागे ढकलतो. यामुळे थेंब पडण्याची जागा ही मूळ जागेच्या खाली व पुष्कळदा मागे असते. म्हणून शोधाचा नियम असा : जी जागा सर्वांत वर व सर्वांत पुढे ओली दिसेल, तेथून तपासास आरंभ करावा.

गाडीखाली शिरण्यापूर्वी सुरक्षिततेची पूर्ण व्यवस्था झाली पाहिजे. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. जॅकने गाडी उचलल्यावर ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. जॅक निसटल्याने माणसे प्राणास मुकलेली आहेत. सायलेन्सरची नळी व तेल निवेपर्यंत थांबावे. सायलेन्सरच्या तप्त भागावर तेल पडत असेल तर धूर होतो, आणि आगही लागू शकते. अशी गाडी चालवूच नये.

यानंतर गिअरपेटी बाहेरून स्वच्छ धुवावी. मळलेल्या पेटीवर नवी गळती शोधणे म्हणजे शाईने माखलेल्या कागदावर अक्षर शोधण्यासारखे आहे. धुतलेली पेटी कोरडी झाल्यावर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी व पुन्हा पाहावे. तेवढ्याने उलगडा न झाल्यास संशयित भागावर टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा. तेल जेथून निघते तेथून पावडरीवर स्पष्ट रेघ उमटते. कारखान्यांतून तेलात विशेष चमकणारा रंग मिसळून जंबुपार किरणांच्या दिव्याखाली गाडी पाहतात. तेथे गळतीची वाट हिरवट-पिवळी उजळून दिसते.

गळती केव्हा होते हेही सूचक असते. केवळ इंजिन चालू असताना गळणारे तेल बहुधा दाबाच्या मार्गातून, म्हणजे थंड करणाऱ्या नळ्यांतून किंवा पंपाच्या सीलमधून येते. याउलट गाडी काही दिवस उभी राहिल्यावरच डाग पडत असेल, तर कारण वेगळे आहे. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू गिअरपेटीत उतरते व तेथील पातळी नेहमीपेक्षा वर चढते. अशा वेळी एरवी कोरडे राहणारे सील तेलात बुडतात आणि झिरपू लागतात. गिअरच्या दांड्याचे सील हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय.

गळतीच्या जागा व त्यांची कारणे

गिअरपेटीच्या तळाशी तेल साठविणारे उथळ भांडे असते. आपल्याकडील कारागीर त्यास चेंबर म्हणतात. चेंबर व पेटी यांच्यामधील गॅस्केट ही गळतीची सर्वांत सामान्य जागा होय. गॅस्केट जुने होऊन कडक होते हे एक कारण. परंतु अनेकदा आधीच्या दुरुस्तीत बोल्ट प्रमाणाबाहेर आवळलेले असतात. त्यामुळे पत्र्याच्या कडेला बोल्टच्या भोकाशी खळगे पडतात व दोन बोल्टांमधील कड उचलली जाऊन तेथून तेल निघते. गळती थांबविण्यासाठी बोल्ट आणखी आवळले, तर दोष वाढतोच.

गिअरपेटीला श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, की तापलेली हवा बाहेर पडत नाही, आत दाब साठतो आणि सुस्थितीतील सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी सील कितीही वेळा बदलला तरी गळती परत येते. कारण दोष सीलचा नसून छिद्राचा असतो. उलट, तेल प्रमाणाबाहेर भरले असेल तर फिरती चक्रे ते घुसळतात. त्यास फेस येतो व तो त्याच छिद्रातून ओसंडतो. येथे तर काहीच मोडलेले नसते. जास्तीचे तेल काढणे हाच उपाय.

गिअरपेटीच्या अगदी पुढे, टॉर्क कन्व्हर्टर जेथे पंपात शिरतो तेथे एक मोठे सील असते. ते गळू लागले म्हणजे इंजिन व गिअरपेटी यांच्या जोडावरून तेल ठिबकते. परंतु त्याच ठिकाणी इंजिनाच्या मागील सीलमधून इंजिनाचे तेलही येऊ शकते. यास्तव तेलाची ओळख येथे फार महत्त्वाची ठरते. तसेच पंपातील आधाराचा बुश झिजल्यास कन्व्हर्टर डळमळत फिरतो व नवे सील थोड्याच दिवसांत खराब करतो. बुश न पाहता केवळ सील बदलणे म्हणजे अर्धीच दुरुस्ती.

चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची सील, विजेच्या तारांचा जोड, वेगमापकाचा जोड व तेल भरण्याच्या नळीच्या बुडाची रबरी कडी या इतर जागा होत. त्यांतील बहुतेक भाग स्वस्त असतात व बदलण्यास सोपे असतात.

सर्वांत घातक गळती जमिनीवर दिसतच नाही. पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीचे तेल रेडिएटरच्या आत बसविलेल्या नळीतून थंड होते. ती नळी गंजून फुटली, तर तेल व कूलंट एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, दुधाळ फेस तयार होतो. कूलंटमुळे क्लचच्या चकत्यांवरील अस्तराचा चिकटा सुटतो. पातळी उतरत आहे, फरशी कोरडी आहे आणि पट्टीवर गुलाबी फेस आहे, अशी स्थिती दिसल्यास गाडी तत्काळ थांबवावी व ती उचलून कारखान्यात न्यावी. चालती चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि गिअरपेटीला वंगण मिळत नाही. तेल संपलेल्या कोणत्याही स्वयंचलित गाडीस हाच नियम लागू आहे.

चेंबरचे गॅस्केट बदलणे

१. गाडी वर सांगितल्याप्रमाणे घोड्यांवर घ्यावी. तेल कोमट असावे, कढत नसावे. खाली मोठे पसरट भांडे ठेवून तळाचा बोल्ट काढावा. तो नसल्यास चेंबरच्या एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे थोडेच सैल करावेत, म्हणजे चेंबर कलतो व तेल एका कडेने उतरते.

२. निघालेले तेल मोजून ठेवावे. कन्व्हर्टरमधील तेल तेथेच राहात असल्याने बहुधा तीन ते पाच लिटर तेलच निघते.

३. चेंबरच्या तळाशी असलेले लोहचुंबक पाहावे. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे टोचणारे तुकडे असतील तर आत मोठा बिघाड आहे असे समजून कुशल कारागिराचा सल्ला घ्यावा.

४. जुने गॅस्केट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. पेटी अॅल्युमिनियमची असल्याने पोलादी पात्याचे ओरखडे पडतात व तीच नव्या गळतीची वाट होते. पुसण्यास तंतू न सुटणारे फडके घ्यावे. सुटलेले तंतू आतील बारीक झडपांत अडकतात.

५. चेंबरच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरून ती सपाट आहे का पाहावे. खळगे असल्यास कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करावी.

६. तेलाची गाळणी व तिची रबरी कडी बदलावी. नवे गॅस्केट कोरडेच बसवावे. उत्पादकाने सांगितल्याखेरीज त्यावर चिकट लुकण लावू नये. आत दबलेले लुकण सुटून गाळणीत व झडपांत जाते.

७. सर्व बोल्ट प्रथम बोटांनी बसवावेत व मग मधून बाहेर, समोरासमोर अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. उत्पादकाने दिलेला पीळ पाळावा. तो अनेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास ५ किलोग्रॅम वजन टांगल्यास जेवढा पीळ पडतो, तेवढाच हा आहे. यावरून किती हलक्या हाताने काम करावयाचे हे ध्यानी येईल.

८. जेवढे निघाले तेवढेच, आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच तेल भरावे. 'सर्व गाड्यांना चालणारे' तेल सर्व गिअरपेट्यांना मानवतेच असे नाही.

९. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून ठेवून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवावा व पातळी तपासावी. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू असताना व तेल तापलेले असताना पाहतात. काही गाड्यांत इंजिन बंद करून पाहतात. ज्यांत पट्टीच नसते, त्यांत ठराविक तापमानाला बाजूच्या बोल्टमधून तेल ओघळते का हे पाहतात. तापमानास एवढे महत्त्व का? आठ लिटर तेल ५० अंशांनी तापले तर ते सुमारे पाव लिटरने फुगते. म्हणून थंड तेलाची पातळी व गरम तेलाची पातळी एक नसते.

१०. शंभर किलोमीटर चालविल्यावर पुन्हा गाडीखाली पाहावे. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते बंद डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

थंड करणाऱ्या नळीचा जोड आवळताना दोन पाने वापरावेत. एकाने रेडिएटरकडील भाग धरून ठेवावा, नाही तर रेडिएटरच पिळला जातो. रबरी नळी बदलताना तेलासाठी बनविलेलीच घ्यावी. पाण्याची नळी तेलाने फुगून सुटते. पुढील मोठे सील बदलण्यास संपूर्ण गिअरपेटी उतरवावी लागते. ते काम कारखान्यावरच सोपवावे.

गळती थांबविणारी औषधे बाजारात मिळतात. त्यांतील द्रव्ये कडक झालेले रबर मऊ करून फुगवितात. त्यामुळे वयाने कडक झालेल्या सीलची गळती काही काळ थांबू शकते. फाटलेले सील, वाकलेला चेंबर किंवा बुजलेले छिद्र यांवर मात्र त्यांचा काही उपयोग होत नाही. निदानाआधी औषध ओतल्यास गळतीची वाट तेवढी पुसट होते.

शाळेत करण्याजोगे प्रयोग

१. एक लाकडी पट्टी थोडी तिरपी धरा. वरच्या टोकाशी, पट्टीच्या खालच्या बाजूस, ब्रशाने थोडे खाद्यतेल लावा. तेल लगेच न पडता खालच्या टोकापर्यंत कसे सरकते ते पाहा. आता पट्टीच्या मध्यभागी दोरा घट्ट गुंडाळा आणि प्रयोग पुन्हा करा. थेंब कोठे पडतो? थेंबाच्या जागेवरून तेल लावलेली जागा सांगता येईल काय?

२. एकाच थेंबनळीने मोजपात्रात प्रथम पाण्याचे व नंतर तेलाचे थेंब टाकून, एक मिलिलिटर होण्यास प्रत्येकाचे किती थेंब लागतात ते मोजा. आलेल्या संख्येने या पुस्तिकेतील थेंबाचे गणित पुन्हा मांडा.

सारांश

द्रव ओळखावा, पेटी स्वच्छ करावी, सर्वांत वरची ओली जागा शोधावी आणि तेथून तेल का निघते याचे उत्तर मिळाल्यावरच पाना हातात घ्यावा. तोपर्यंत पातळी रोज पाहून ती राखावी, म्हणजे शोध चालू असताना गिअरपेटीची हानी होणार नाही.

प्रश्न

१. गिअरपेटीतील तेल कमी झाल्यास क्लचच्या चकत्या का घसरतात?
२. गाडी चार दिवस उभी राहिल्यावरच डाग पडतो. इंजिन चालू असताना गळती नाही. याचे कारण काय असू शकेल?
३. एका गाडीचे सील वर्षात तीनदा बदलले, तरी गळती थांबली नाही. आपण कोणकोणत्या गोष्टी तपासाल, आणि का?
४. चेंबरचे बोल्ट अधिक आवळल्याने गळती का वाढते, ते आकृती काढून स्पष्ट करा.